उलट्या होडीचं छप्पर

मी एक जुनी प्रतिकृती आहे. मित्रांनो, तुम्ही मला मॉडेल म्हटलंत तरी चालेल, सगळे तेच म्हणतात. एखादी इमारत बांधण्याआधी तिचं लहान रूप करून टेबलावर ठेवतात ना, ती मी. माझा पाया प्लायवूडचा आहे आणि खांब सागाचे. भिंती मला नाहीतच. लांबीला मी दोन हात भरते. माझी एक बाजू उन्हाने वर उचलली गेली आहे आणि एका कोपऱ्यात मासळीच्या पाण्याचा डाग पडला आहे. मला बघून आता कुणी "वा!" म्हणत नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू फार सोशिक असतात, असा तुमचा अनुभव असेल. जुनी छत्री, फाटकं पुस्तक, शाळेची घंटा. सगळ्यांनी सगळं सोसलं आणि शेवटी कुणालाच दोष दिला नाही. मी त्यांच्यातली नाही. माझं ज्याने वाटोळं केलं त्याचं नाव मी सांगणार आहे, आणि त्याची फजिती कशी झाली तेही चवीने सांगणार आहे. त्यात माझंही थोडं नाक कापलं गेलं. तेही सांगावं लागेल, कारण खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे.

माझा जन्म खारबंदरचा. डोंबिवलीच्या पश्चिमेला डांबरी रस्ता संपतो आणि खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे हा छोटा कोळीवाडा आहे. रस्त्याच्या कडेला, खाडीकडे पाठ करून, सतरा बायका रोज तीन वाजल्यापासून मासळी विकायला बसतात. कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, जे मिळेल ते. ऊन त्यांच्या पाठीमागून, खाडीवरून येतं. चारच्या सुमाराला ते असं काही लागतं की बर्फाचं पाणी होतं, कोळंबी मऊ पडते आणि गिऱ्हाईक नाक मुरडून भाव पाडतं. म्हणून या बायका कशा बसतात ठाऊक आहे? स्वतःच्या अंगाची सावली पाटीवर पडेल अशा. ऊन सरकतं तशा त्याही सरकतात. मासळी सावलीत राहते, माणूस भाजून निघतं.

त्या सतरा जणींची पुढारी शेवंतीबाई. पन्नाशीची, आवाज खणखणीत, मानेवरची कातडी उन्हाने काळी पडून जाड झालेली. तिला एकच गोष्ट हवी होती. डोक्यावर सावली. पंधरा वर्षं ती ज्याला त्याला सांगत होती आणि ज्याने त्याने मान डोलावली होती.

मग कुठूनसा लोकरचना कला निधी आला. हा सरकारी निधी होता. गावातल्या, वस्तीतल्या लोकांनी आणि कलावंतांनी मिळून आपल्या उपयोगाची एखादी जागा घडवावी, त्याला सरकार हातभार लावणार. अर्ज कुणीतरी जाणत्याने करायचा, म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका वास्तुविशारदाच्या ऑफिसने तो केला. त्या ऑफिसचे मालक म्हणजे सर्वेश सर. हेच ते नाव, मित्रांनो. नीट लक्षात ठेवा.

सर स्वतः खारबंदरला एकदाच आले. गाडीतून उतरले, नाकाला रुमाल लावला, दहा फोटो काढले आणि ट्रॅफिक लागेल म्हणून निघून गेले. पुढचं सगळं काम त्यांनी समिधावर सोपवलं. समिधा त्यांच्या ऑफिसातली नवी मुलगी, राहायला ठाकुर्लीला. ती जानेवारीतले तीन रविवार कोळीवाड्याच्या समाजमंदिरात येऊन बसली. सोबत कात्री, डिंक, पुठ्ठे आणि चहा-बिस्किटं. "मावशी, तुमची शेड तुम्हीच करायची. मी फक्त पुठ्ठा कापून देणार," असं तिने सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

माझे खरे आईबाप सांगायचे तर ते अनेक. पण हात चालला तो दामाजीकाकांचा. होड्या बांधणारे ते खारबंदरचे शेवटचे सुतार. त्यांनी जन्मात कधी नकाशा वापरला नाही. समिधाने त्यांच्यापुढे पट्टी ठेवली, एका मीटरचे इथे चार सेंटीमीटर असं काहीसं समजावलं. काकांनी पट्टी बाजूला सारली.

"आधी मानूस कर, मंग छप्पर," ते म्हणाले. "मानसाबिगर छप्पर कवरा उंच, ते कसा कलंल?"

आणि त्यांनी सागाच्या ढलपीतून एक बोटभर उंचीची बाई कोरली. मांडी घालून बसलेली, पुढे पाटी. शेवंतीबाईने ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "माजी कंबर येवरी मोटी नाय." सगळं समाजमंदिर हसलं. त्या बोटभर बाईवरून माझं सगळं माप ठरलं. तिचा हात पाटीपर्यंत किती पोचतो, गिऱ्हाईक किती लांब उभं राहतं, दोघींच्या मध्ये बर्फाची पेटी मावते का.

छपराच्या वेळी समिधाने मोबाईलची बत्ती लावली आणि म्हणाली, "हा सूर्य समजा. खाडीच्या बाजूने खाली आणते. कुठे थांबवू ते सांगा." बत्ती खाली आली तशी बोटभर बाईच्या पाठीवर ऊन पडलं. "आजून खाली घे छप्पर," शेवंतीबाई म्हणाली. काकांनी मागची कड खाली घेतली. पुन्हा बत्ती, पुन्हा ऊन. "आजून." शेवटी मागची कड इतकी खाली आली की समिधाला राहवलं नाही.

"काका, मागून आत येताना डोकं आपटेल कुणाचं तरी."

"मंग वाकून येल. देवलान वाकतंव नं?"

शेवटी बाई आणि पाटी दोन्ही सावलीत आल्या. शेवंतीबाईने त्या इवल्याशा सावलीत बोट घालून पाहिलं आणि मग पदराने नाक पुसलं. मित्रांनो, मी त्या क्षणी पुरी झाले. पुठ्ठ्याचं पुढे उंच, मागे ठेंगणं छप्पर, त्यावर जाळ्याच्या जुन्या दोऱ्याची वीण. दिसायला काही विशेष नव्हते. पण मी बरोबर होते.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेवणाच्या सुट्टीत समिधा डबा घेऊन बाहेर पडली. समाजमंदिरामागे डांबर लावायला एक लहान होडी दोन ठोकळ्यांवर उलटी घातली होती. खाली छान गार सावली. समिधा वाकून आत शिरली आणि डब्याचं झाकण उघडते न उघडते तोच शेवंतीबाई ओरडत धावली. तिने समिधाचा दंड धरून तिला अक्षरशः खेचून बाहेर काढलं. डबा सांडला.

"उलटे होरीखाली जित्या मानसान बसाचा नाय!" शेवंतीबाईला धाप लागली होती. "होरी उलटली का तिचे खाली कोन ऱ्हातं? मेलेला ऱ्हातं. माजा जेठ तसाच गावला, तिसऱ्या दिवशी."

डांबर सुकलं की होडी लगेच सुलटी करायची, तोवर पोराटोरांनाही जवळ फिरकू द्यायचं नाही, हा खारबंदरचा नेम. समिधाने शेवंतीबाईचे पाय धरले आणि माफी मागितली. मग शेवंतीबाईने तिला आपल्या घरी नेऊन निवट्यांचं कालवण आणि भाकरी वाढली.

तिसऱ्या रविवारी मला चादरीत गुंडाळून समिधाने घोडबंदर रोडला नेलं. अकराव्या मजल्यावर, काचेच्या टेबलावर मला ठेवलं. सर्वेश सर आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही शेड आहे."

"हो सर. शेडच हवी आहे त्यांना."

"समिधा, शेडला आर्टचा फंड कोण देईल? कमिटीला स्टोरी लागते. कोळी म्हटलं की तुला काय आठवतं?"

समिधाने माझ्या छपराकडे बोट केलं.

"होडी! सिंपल. उलटी केलेली होडी हेच छप्पर. आयकॉनिक होईल."

"सर, त्या बसणार नाहीत त्याच्याखाली. मी चुकून बसलेले, तर मला हात धरून ओढून काढलं. त्यांच्यात ते..."

"अगं, सुरुवातीला सगळेच कुरकुरतात. नंतर सवय होते. लोकांना काय हवं ते लोकांना नसतं कळत, म्हणून तर आपण आहोत."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सरांनी खिशातून कटर काढलं आणि माझं छप्पर चार बाजूंनी कापलं. जाळ्याची वीण कचऱ्याच्या डब्यात गेली. बोटभर बाई त्यांनी चिमटीत धरून उचलली, "हे जरा क्रूड वाटतं," म्हणाले आणि तीही डब्यात. तिच्या जागी पाकिटातून आणलेली पांढरी प्लास्टिकची माणसं चिकटवली. कोट घातलेली. एकाच्या हातात बॅग. माझ्या मासळीवालीच्या जागी कुठल्याशा विमानतळावरची गर्दी उभी राहिली. मग मशीनवर कापलेल्या प्लायची गुळगुळीत होडी आली आणि माझ्या खांबांवर पालथी बसली. दोन्ही टोकं ऐटीत पुढे आलेली. मागची कड इतकी उंच की बत्ती कुठूनही धरा, ऊन थेट आत. माझ्या पायावर पितळी पट्टी लागली. संकल्पना आणि रचना, पुढे सरांचं नाव. दामाजीकाका नाहीत, शेवंतीबाई नाही, समिधासुद्धा नाही.

मला दात असते तर मी ते बोट सोडलं नसतं. पण प्रतिकृतीला दात नसतात. तिला फक्त आठवण असते, आणि माझी आठवण लांबलचक आहे.

राहिली एक अडचण. अर्जासोबत लोकांची संमती जोडायची होती. समाजमंदिरातल्या तीन रविवारी समिधाने हजेरी घेतली होती, चहा किती सांगायचा ते कळावं म्हणून. त्या कागदावर सतरा जणींच्या सह्या आणि अंगठे होते. सरांनी तो कागद मागून घेतला, वर "आराखड्यास आमची संमती आहे" असं छापून घेतलं आणि अर्जाला टाचणी मारली. समिधाने ते पाहिलं. तिने सरांना अडवलं नाही. मला तेव्हा तिचाही राग आला होता.

फेब्रुवारीत निधीसाठी आलेल्या सगळ्या प्रतिकृतींचं ठाण्याला प्रदर्शन भरलं. मला काचेच्या पेटीत ठेवून वरून दिवे सोडले. लोक वाकून बघत. "किती मातीशी जोडलेलं आहे!" "होडीचं छप्पर, काय कल्पना आहे!" मागच्या भिंतीवर शेवंतीबाईचा हसरा फोटो लावला होता, माणसाच्या दुप्पट मोठा. तिला स्वतःला मात्र बोलावणं नव्हतं. निकाल लागला, आमचा नंबर पहिला आला. सरांनी हार गळ्यात घालून माझ्या शेजारी फोटो काढला. आयत्या बिळावर नागोबा बसतो तसे ते माझ्याजवळ बसले होते आणि मी दिव्यांत उभी राहून मनात एकेक गोष्ट मोजत होते. छप्पर. बाई. पट्टी. हजेरीचा कागद.

त्या संध्याकाळी समिधा निधीची नियमावली वाचत माझ्या पेटीला टेकून उभी होती. एका पानावर तिचं बोट थांबलं. बांधकामाला मंजुरी देण्याआधी कमिटी प्रत्यक्ष वस्तीत जाईल आणि तिथल्या लोकांचं ऐकेल, असं तिथे लिहिलं होतं. समिधाने पुस्तिका मिटली आणि ती सरांकडे गेली. इतके दिवस सरांशी बोलताना तिचा आवाज अडखळायचा. आज तो मधासारखा गोड झाला होता, आणि मी तेव्हाच ओळखलं.

"सर, एक सुचवू? कमिटी खारबंदरला येईल तेव्हा नुसतं मॉडेल नको. खऱ्या मापाची होडी करूया, बांबू आणि कापडाची. त्या दिवशी मावश्यांना पाट्या घेऊन तिच्याखाली बसवू. फोटो कसले येतील!"

"ब्रिलियंट," सर म्हणाले. "बघ, आता तुला जमायला लागलं."

मी काचेआड होते, नाहीतर हसले असते.

एप्रिलचा पहिला आठवडा. दुपारचे चार. कोळीवाड्यात मांडव घातल्यासारखी ती अजस्र होडी पालथी उभी होती. बांबूचा सांगाडा, त्यावर निळं कापड. मला तिच्यासमोर टेबलावर ठेवलं होतं. सर लिननच्या कुर्त्यात, हातात माईक. कमिटीचे तिघे आले. त्यांच्या प्रमुख निशा मॅडम, साठी ओलांडलेल्या शिल्पकार, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी आधी माझ्याभोवती फेरी मारली, मग खुर्चीत बसल्या.

सरांनी पाच मिनिटं भाषण केलं. परंपरा, समुद्र, स्मृती, सगळं त्यात होतं. खारबंदरला समुद्र नाही, खाडी आहे, हे कुणी त्यांना सांगितलं नसावं. मग ते वळले आणि म्हणाले, "या मावशी, बसा आपापल्या जागेवर. लाजू नका."

सतरा जणी ठेवणीतली लुगडी नेसून, पाट्या घेऊन, ओळीने उभ्या होत्या. एकही हलली नाही.

"या ना, या," सर हसत म्हणाले.

कुणीही नाही. ऊन माथ्यावरून उतरून मानेवर आलं होतं. बायकांच्या पायाशी पाट्यांतल्या बर्फाचं पाणी टपटपत होतं. त्या उन्हात उभ्या राहिल्या, चार पावलांवर छप्पर असून. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सरांच्या हसण्याला कोपऱ्यापासून तडा जायला लागला आणि तो तडा मी अगदी जवळून पाहिला, मित्रांनो. आठ आठवडे मी ज्याची वाट बघत होते तो हाच.

निशा मॅडम उठल्या. शेवंतीबाईजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "बाई, उन्हात का उभ्या? तुमच्यासाठीच केलंय ना हे?"

"आमचेसाठी नाय," शेवंतीबाई म्हणाली. "त्याच्याखाली बसाचा नाय. ती उलटी होरी हाय."

"म्हणजे?"

"मॅडम, होरी उलटते तवा काय होतं, ते तुमाला ठावं नसंल. आमाला ठावं हाय. आनि बगा नं, वरती होरी, खाली ऊन." तिने बोट दाखवलं. खरंच, त्या दिमाखदार सांगाड्याखाली खाडीकडून आलेलं ऊन आरपार पसरलं होतं.

सर पुढे झाले. "मॅडम, हे थोडं इमोशनल आहे. यांची संमती आपल्याकडे लेखी आहे." आणि त्यांनी फाइल उघडून तो कागद मॅडमच्या हातात दिला.

शेवंतीबाईने मान लांबवून पाहिलं. "ही तं हजेरी हाय. चा-बिस्कुटाचे दिवसाची." ती मागे वळली. "अगो, बगा गो, आमची हजेरी!" कागद एकीकडून दुसरीकडे फिरला आणि प्रत्येकीने आपला अंगठा ओळखला. मॅडमनी समिधाकडे पाहिलं. समिधा म्हणाली, "हो मॅडम. ती मीच घेतलेली. वरची ओळ नंतर छापली आहे." इतकं स्वच्छ, इतकं शांत की मला वाटलं, हे वाक्य तिने रोज रात्री घोकलं असणार.

सर माईकमध्ये काहीतरी बोलत होते, पण माईक कुणीतरी बंद केला होता.

तेवढ्यात दामाजीकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलंच नाही. मग माझ्या खांबांवरून बोट फिरवलं. सागाचे खांब त्यांचे स्वतःचे. "आरं, ही आपलीच हाय," ते पुटपुटले. त्यांनी कमरेची पटाशी काढली, प्लायच्या होडीखाली घातली आणि एका हिसक्यात ती उचकटली. माझे दोन खांब सोबत मोडले. दुखलं, खूप दुखलं, पण त्या दुखण्यातलं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नसतं. काकांनी ती गुळगुळीत होडी जमिनीवर ठेवली. सुलटी. मग पाकिटातली कोटवाली माणसं एकेक करून खुडून काढली आणि सरांच्या हातात ठेवली.

"ही तुमची," काका म्हणाले. "घरी न्या."

हातात प्लास्टिकची माणसं घेऊन उभे असलेले सर्वेश सर मला आजही दिसतात. करावे तसे भरावे, असं आपल्यात म्हणतात. भरताना बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, माझ्या होतं. ते गाडीत बसून गेले तेव्हा त्यांच्या निळ्या होडीचं कापड वाऱ्यावर फडफडत होतं आणि बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

कमिटीने तिथेच निर्णय सांगितला. हा निधी लोकांच्या हातून होणाऱ्या रचनेसाठी आहे आणि ही रचना लोकांची नाही. पहिला नंबर रद्द, बांधकामाला मंजुरी नाही. सरांच्या ऑफिसला पुन्हा अर्ज करता येणार नाही. कोळीवाड्याने हवं तर स्वतःच्या नावाने पुढच्या वर्षी नवा अर्ज करावा. निशा मॅडम जाताना शेवंतीबाईला नमस्कार करून गेल्या.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी किती आनंदाने सांगितली असती! पण मघाशी म्हटलं ना, माझं नाक कापलं गेलं. ते यानंतर, अर्ध्या तासात.

गर्दी पांगली. समिधा माझ्याजवळ आली. तिचे डोळे चमकत होते. "मावशी, कशी जिरवली!" ती म्हणाली. "मला माहीतच होतं तुम्ही बसणार नाही. म्हणून तर मी सरांना मोठी होडी करायला लावली. सगळ्यांसमोर तोंडावर आपटायला हवे होते ते."

शेवंतीबाई बर्फाचं पाणी काढून टाकत होती. तिचे हात थांबले.

"तुना ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"त्यांनी छप्पर कापलं तेव्हापासून. मी सांगितलं होतं त्यांना मावशी, त्यांनी ऐकलंच नाही."

"त्याला सांगितलास. मना का नाय सांगितलास?" शेवंतीबाई आता उभी राहिली. "दोन महिने व्हते. मना बोलली आसतीस, तं आमी सतरा जनी जाऊन त्या ऑफिसान बसलू आसतू. कमिटीला आधीच जाऊन भेटलू आसतू. आपला छप्पर परत बसला आसता, आन् आज त्या मॅडमनी हां म्हटला आसता. तुना तुजा राग काढाचा व्हता. काढलास. बरा केलास. पन माजे डोक्यावर काय आला गो?"

तो प्रश्न मलाही होता. खरं सांगते, दोन महिने काचेच्या पेटीत मी सरांची फजिती हजार वेळा रंगवली होती. एकदाही माझ्या मनात आलं नाही की फजितीनंतर सावली कुणी द्यायची. प्रतिकृतीचं काम एकच, खरी वस्तू उभी राहीपर्यंत तिची आठवण धरायची. मी ते विसरले होते. मला सावलीपेक्षा सर्वेश सरांचं तोंड बघायचं होतं.

समिधा रडायला लागली. शेवंतीबाईने तिला रडू दिलं. मग पाटी उचलताना म्हणाली, "रडून ऊन जात नाय. आयक. जवर छप्पर व्हत नाय, तवर दर आयतवारी माजे बाजूला येऊन बसाचा. तीन ते सात. टोपी नाय, छत्री नाय. आन् याला पन संगती आनाचा," ती माझ्याकडे बोट करत म्हणाली. "सगल्यांना कलूं दे."

अशी ही शिक्षा. सूड कसा घ्यायचा ते मला कळलं आहे, असं मला वाटलं होतं. शेवंतीबाईपुढे मी कालचं पोर आहे.

समिधाने त्या घोडबंदरच्या ऑफिसचा राजीनामा दिला आणि डोंबिवलीतच एका लहानशा ऑफिसात काम धरलं. ती दर रविवारी येते. दामाजीकाकांनी माझे मोडके खांब जोडून दिले, मागे ठेंगणं छप्पर पुन्हा घातलं, नवी बोटभर बाई कोरली आणि यावेळी तिची कंबर जरा बारीक ठेवली. समिधा मला शेवंतीबाईच्या पाटीशेजारी ठेवते आणि स्वतः पलीकडे बसते. पहिल्या रविवारी तिला सहा वाजता चक्कर आली होती. आता येत नाही. आता ती कोळंबी निवडून देते, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडतेही. एक-दोन जणांनी विचारलं, हे खेळणं काय आहे? शेवंतीबाई त्यांना माझं छप्पर दाखवते, बत्ती लावून ऊन कसं अडतं ते दाखवते आणि नंतर मासळी विकते.

नवा अर्ज गेला तो कोळणींच्या मंडळाच्या नावाने. सोबत सतरा सह्या, आणि यावेळी कागदावरची ओळ आधी वाचून दाखवली, मग सह्या झाल्या. सर्वेश सर कुठे नवं काम मिळवतात, कुणाच्या प्रदर्शनात हार घालतात, त्याच्या बातम्या समिधाच्या मोबाईलवर येतात. ती वाचून दाखवत नाही. मला मात्र अजून ऐकायच्या असतात. माझा राग गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. फक्त तो मी आता पाटीच्या मागे ठेवते, पुढे नाही.

एक उन्हाळा झाला, दुसरा चालू आहे. कमिटी पुढच्या महिन्यात येणार म्हणतात. माझा पाया वाकला आहे, डिंक सुटत चालला आहे. परवा काकांनी घातलेल्या छपराचा एक कोपरा गळून कोळंबीत पडला. समिधा मला घरी कपाटात ठेवायचं म्हणाली, तर शेवंतीबाईने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला हात जोडून सांगतात की आम्हाला जपा, धूळ झटका, सावलीत ठेवा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. कुठल्या काचेच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. तुम्ही कधी मोठे होऊन अशा कमिटीत बसलात, किंवा कुणासाठी छप्पर आखायला निघालात, तर तिथे आधी जाऊन बसा, उन्हाच्या वेळी, जिला बसायचं आहे तिच्या शेजारी. आणि खारबंदरचं छप्पर ज्या दिवशी उभं राहील, त्या दिवशी मला चुलीत घाला. मी हसत जळेन. तोवर मी इथेच आहे, उन्हात, तिच्या बाजूला.